केसकरबाईंच्या टेम्पोचा ब्रेक

एका जंगलात, जिथे सिंहसुद्धा विम्याचा हप्ता वेळेवर भरत असे, तिथे काटेसाहेब नावाचं एक साळिंदर राहायचं.

मुलांनो, साळिंदराच्या पाठीवर काटे असतात, हे तुम्हाला माहीत आहेच. त्या जंगलात टेम्पोही होते. जंगलात टेम्पो कुठून आले, असं विचारू नका. विमा कंपनी आधी आली होती. ती आल्यावर टेम्पो येणारच.

काटेसाहेब त्या ‘निर्धास्त’ नावाच्या विमा कंपनीचे सर्व्हेयर होते. कुणाची गाडी आपटली की त्यांनी जायचं, आपटलेली बाजू बघायची आणि फॉर्म भरायचा. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या पाऊणपटीच्या वर जातोय असं दिसलं, की खाली लिहायचं, ‘टोटल लॉस’. म्हणजे गाडी संपली. मग कंपनी मालकाला भरपाई द्यायची आणि मोडकी गाडी भंगारवाला ओढून न्यायचा.

पेन ते विकत घेत नसत. पाठीवरचा एक काटा उपटायचा, जांभळाच्या रसात बुडवायचा आणि लिहायला बसायचं. अहवाल लांबला की पाठ दुखायची. म्हणून ते थोडक्यात लिहीत. कंपनीला त्यांची ही सवय फार आवडायची.

एके दिवशी त्यांना घाटाच्या उतारावर बोलावणं आलं. तो उतार खाली येऊन एकदम डावीकडे वळायचा. न वळणाऱ्यासाठी समोर एक चिंच होती. चिंचेला एक हिरवा टेम्पो चिकटला होता. आजूबाजूला फणस पडले होते आणि त्यातल्याच एकावर केसकरबाई नावाची अस्वलीण बसली होती. ती टेम्पोतून बाजारात फणस न्यायची.

“काय झालं?” काटेसाहेबांनी विचारलं.

“चिंच आडवी आली.”

“चिंच जागेवरून हलली?”

“ती कशाला हलेल? मी हलत होते. ब्रेक दाबला, तर पाय नुसता आत गेला. लोण्यात गेल्यासारखा.”

काटेसाहेबांनी फॉर्म उघडला. त्यात बेचाळीस रकाने होते. बंपर गेला होता. काच गेली होती. रेडिएटर पुढच्या सीटवर येऊन बसला होता. एकेक लिहीत ते ब्रेकच्या रकान्यापाशी आले आणि त्यांनी लिहिलं, ‘नुकसान नाही’.

“अहो, पण तो लागत नाही,” केसकरबाई म्हणाल्या.

“अपघातामुळे लागत नाही, की आधीपासूनच लागत नव्हता?”

“आधीपासूनच. म्हणून तर अपघात झाला.”

“मग त्याचा अपघाताशी संबंध नाही.”

केसकरबाईंनी डोकं खाजवलं. त्या शाळेत गेल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांना हे पटायला वेळ लागला. तोवर काटेसाहेबांनी ‘टोटल लॉस’ लिहून खाली सही केली होती.

मोडका टेम्पो पट्टेवारशेठने नेला. पट्टेवारशेठ हे तरस होतं. भंगारातलं त्याच्याइतकं जंगलात कुणाला कळत नव्हतं. त्याने चार दिवस ठोकाठोक केली, पत्रे सरळ केले आणि टेम्पोला लाल रंग दिला. ब्रेकला त्याने हात लावला नाही. “कागदावर जे मोडलेलं नाही, ते मी कशाला दुरुस्त करू,” तो म्हणायचा, “उद्या कंपनी मलाच खोटं पाडेल.”

लाल टेम्पो विकायला उभा राहिला. तो केसकरबाईंनीच घेतला. त्या म्हणाल्या, याच्या सीटवर बसलं की कसं ओळखीचं वाटतं. भरपाई त्यांच्या हातात होतीच. नवा विमाही त्यांनी काढला.

पावसाळा सरता सरता लाल टेम्पो चिंचेवर आपटला. काटेसाहेब गेले, रकाने भरले, टोटल लॉस लिहिलं. पट्टेवारशेठने त्याला निळा रंग दिला. थंडीत निळा टेम्पो आपटला.

या वेळी मात्र काटेसाहेबांची नजर दरवाजाच्या एका ओरखड्यावर गेली. निळ्याखाली लाल दिसत होता. लालखाली हिरवा. काटेसाहेब बराच वेळ त्या ओरखड्याकडे बघत राहिले. मग ते थेट ऑफिसात गेले.

ऑफिसात घोरपडेसाहेब बसायचे. ते घोरपड होते आणि एखादा नियम त्यांनी धरला की सुटत नसे.

“साहेब, एकच टेम्पो तीन वेळा संपलाय,” काटेसाहेब म्हणाले.

“कागदावर तीन टेम्पो आहेत. एक हिरवा, एक लाल, एक निळा.”

“पण ब्रेक एकच आहे. आणि तो लागत नाही.”

“काटे, आपण नुकसान बघतो. आपण कारण बघत बसलो, तर नुकसान कोण बघणार?”

घोरपडेसाहेबांनी त्यांना बसायला सांगितलं आणि आवाज खाली आणला. “तुम्ही घरचे म्हणून सांगतो. तो टेम्पो आपटला की उतारावरचे पन्नास प्राणी घाबरतात आणि विमा काढायला येतात. कोल्ह्याने तर सायकल नसताना सायकलचा काढलाय. ती चिंच म्हणजे आपला सगळ्यात चांगला एजंट आहे. तिला कमिशनसुद्धा द्यावं लागत नाही.”

काटेसाहेब घरी गेले. दुसऱ्या दिवशी ते कामावर आले आणि त्यांनी कारणाचा विषय काढला नाही. त्यांना नोकरी करायची होती. साळिंदराला दुसरं कोण कामावर ठेवणार? त्याच्या शेजारी कुणाला बसता येत नाही.

पुढे एकदा उन्हाळ्यात ते घाटावरच्या एका रानडुकराच्या जीपचं काम उरकून पायी खाली निघाले होते. पाय पोळत होते. मागून एक जांभळा टेम्पो आला.

“बसा हो साहेब,” केसकरबाई म्हणाल्या. “खालीच तर जायचंय.”

“ब्रेक कुठला आहे?”

“तोच. आपल्या ओळखीचा.”

काटेसाहेबांनी पायांकडे बघितलं, उताराकडे बघितलं आणि ते बसले. मुलांनो, शहाणी माणसंही उन्हात अशी बसतात.

अर्ध्या उतारावर केसकरबाईंनी ब्रेक दाबला. पाय आत गेला. त्यांनी काटेसाहेबांकडे बघून मान हलवली, जणू म्हणत होत्या, बघा, मी सांगत नव्हते? वळण आलं. वळण गेलं. चिंच आली.

काटेसाहेबांनी आजवर चारशे अपघात पाहिले होते. आतून हा पहिलाच. आतून तो अगदी वेगळा दिसतो. रकाने दिसत नाहीत. सगळं एकदम होतं आणि आवाज आपल्याच पोटातून आल्यासारखा वाटतो. मागचे फणस पुढे आले. फणसही काटेरी आणि काटेसाहेबही काटेरी, त्यामुळे कोण कुणात रुतलंय, हे कळायला थोडा वेळ लागला.

चिंचेखाली त्या उन्हाळ्यापासून खारींची बालवाडी भरायला लागली होती. त्या दिवशीही ती भरली होती. एक फणस टपावरून उडाला आणि सगळ्यात छोट्या खारीच्या शेपटीपासून वीतभर अंतरावर येऊन आदळला. खारीने फणसाकडे बघितलं.

“अजून एक,” ती म्हणाली. तिला तो खेळ वाटला.

बालवाडीच्या बाईंचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. काटेसाहेबांनी फॉर्म काढला आणि परत पिशवीत ठेवला. मग ते जमिनीवर आडवे झाले आणि सरपटत टेम्पोखाली गेले. नोकरीला लागल्यापासून ते कुठल्याच गाडीखाली गेले नव्हते.

“काय दिसतंय?” केसकरबाईंनी वाकून विचारलं.

“दोन दांडे आहेत. त्यांना जोडणारी पिन नाही.”

“एवढंच?”

“एवढंच. करंगळीएवढी पिन.”

टेम्पोखाली खुडबूड झाली. मग “आई गं” ऐकू आलं. काटेसाहेबांनी पाठीवरचा जाडसर काटा उपटून भोकात घातला होता आणि दोन्ही टोकं वाकवली होती.

“आता दाबा.”

केसकरबाईंनी मोडक्या सीटवर बसून पाय दाबला. पाय अर्ध्यातच थांबला. त्यांनी परत दाबला. परत थांबला.

“लागतोय,” त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी काटेसाहेबांना एक फणस दिला. काटेसाहेबांनी आयुष्यात कुणाकडून काही घेतलं नव्हतं. तो त्यांनी बालवाडीला दिला. फॉर्ममध्ये त्यांनी टोटल लॉस लिहिलं, कारण टेम्पोचं तोंड खरंच राहिलं नव्हतं. ब्रेकपुढे लिहिलं, ‘नुकसान नाही’. या वेळी ते खरं होतं.

पट्टेवारशेठने टेम्पोला पिवळा रंग दिला. पिवळा टेम्पो घाट उतरायचा, वळणाआधी थांबायचा, डावीकडे वळून बाजारात जायचा. पावसाळा गेला, थंडी गेली, परत उन्हाळा आला, तरी पिवळा टेम्पो पिवळाच राहिला.

आणि जंगलावर संकट आलं.

टेम्पो आपटेना, म्हणून प्राणी घाबरेनात. घाबरेनात, म्हणून विमा काढेनात. कोल्ह्याने सायकलचा विमा बंद केला आणि त्याला सायकल नसल्याचं प्रथमच सगळ्यांना कळलं. पट्टेवारशेठचा हातोडा गंजला. रंगवाल्याचे डबे सुकले. सिंहाने विचारलं, राज्यात मंदी कशी आली? शेवटी घोरपडेसाहेब स्वतः पिवळ्या टेम्पोखाली शिरले आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात काळापांढरा काटा होता.

“हा कुणाचा?” त्यांनी ऑफिसात विचारलं.

जंगलात साळिंदर एकच होतं.

“माझा,” काटेसाहेब म्हणाले.

“सर्व्हेयरने गाडीला हात लावला?”

“पाठ लावली, साहेब.”

घोरपडेसाहेबांना चौकशीचा फॉर्म सापडेना, म्हणून त्यांनी गाडीचाच काढला. काटेसाहेबांना उजेडात उभं केलं आणि रकाने भरायला घेतले. पाय ठीक. सही ठीक. नजर फारच चांगली. हेच मुख्य नुकसान. यांना परत पूर्वीसारखं करायला लागणारा खर्च यांच्या किमतीच्या वर जातो. खाली त्यांनी लिहिलं, ‘टोटल लॉस’. काटेसाहेबांनी ते उलटं उभ्या उभ्या वाचलं. त्यांना राग आला नाही. फॉर्म व्यवस्थित भरला होता.

काटेसाहेबांचा भंगारात लिलाव दोन दिवसांनी होता. बोली लावायला फक्त पट्टेवारशेठ आला. तो मनाने वाईट नव्हता.

“चार दिवस दुखेल,” तो म्हणाला. “मग काही वाटत नाही. टेम्पोला विचारा.”

त्याने काटेसाहेबांचे काटे घासले, टोकं छाटली, अंगाला व्हार्निश मारलं आणि नवं नाव दिलं, ‘नवले’. कंपनीला सर्व्हेयर हवाच होता. तिने नवलेसाहेबांना घेतलं, सोबत शाईचं एक पेन दिलं आणि सक्त ताकीद दिली की वाकायचं नाही, व्हार्निशला तडे जातात.

टेम्पोतला काटा परवानगी नसलेला सुटा भाग म्हणून काढून टाकला होता. आठवड्याभरातच नवलेसाहेबांना उतारावर बोलावणं आलं.

पिवळा टेम्पो चिंचेला चिकटला होता. केसकरबाई फणसावर बसल्या होत्या.

“तुम्ही नवे का?” त्यांनी विचारलं.

“नवले.”

“आधी एक काटेसाहेब होते. ते खाली शिरून बघायचे.”

नवलेसाहेबांनी फॉर्म उघडला. त्यांनी बंपर लिहिला, काच लिहिली, रेडिएटर लिहिला. ब्रेकच्या रकान्यात लिहिलं, ‘नुकसान नाही’, आणि पेन थोडा वेळ तिथेच टेकवून ठेवलं. मग त्यांनी चिंचेखाली बघितलं. तिथे नुसते फणस होते.

“इथे खारींची बालवाडी भरत नाही?” त्यांनी काही माहीत नसल्यासारखं विचारलं.

“भरते की. वर.” केसकरबाईंनी बोट दाखवलं. अगदी शेंड्याजवळच्या फांदीवर शेपट्या हलत होत्या. “काटेसाहेबांचं काम ते. लिलावाच्या आदल्या दिवशी आले आणि बाईंच्या मागेच लागले. वर्ग वर नेल्याशिवाय हलले नाहीत.”

वरून एक छोटी खार ओरडली, “अजून एक.”

नवलेसाहेबांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत परत बघितला. बेचाळीस रकान्यांत बालवाडीचा रकाना कुठेच नव्हता. त्यामुळे तिच्याबद्दल काही लिहिता येण्यासारखं नव्हतं आणि कुणाला काही काढून टाकताही येण्यासारखं नव्हतं. त्यांनी टोटल लॉस लिहून सही केली.

“या वेळी रंग कुठला सांगू पट्टेवारांना?” केसकरबाईंनी विचारलं.

“भगवा बघा,” नवलेसाहेब म्हणाले. “वरून लवकर दिसेल.”

तात्पर्य: मुलांनो, गाडी आपटली की आपटलेली बाजू बघावी, ब्रेक बघू नये. ब्रेक वेळेवर लागला तर किती जणांच्या पोटावर पाय येतो, याचा विचार लहानपणापासूनच करावा. आणि शाळा शक्यतो वरच्या फांदीवर भरवावी.