निम्म्या फ्रेमा

पोट भरलेलं असताना माणसानं मोबाइल हातात घेऊ नये. जेवण झालं की मला उदार व्हायची खोड आहे (कचेरीत मी कारकून, तिथे उदारपणाला वाव नाही). त्या दुपारी आमच्या बुलावायोतल्या लुवेवे वस्तीच्या जुन्या पोरांच्या ग्रुपवर बातमी आली की वेलाफी लीड्सहून बुलावायोला येतोय, आणि मी लिहून बसलो, "येऊ दे. राहिलेली मॅच माझ्या घरी होईल. तुम्ही जिथे असाल तिथून थेट बघा!"

राहिलेली मॅच ही आमच्या पिढीची जखम आहे. लुवेवेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मामांचं दुकान होतं. तिथे पाव, रॉकेल, मक्याच्या लाह्या आणि मारामारीच्या खेळाचं एक मशीन. त्या दुकानाचा वास, रॉकेल आणि लाह्यांचा मिळून, अजून कुठे आला तर माझा अंगठा आपोआप हलतो. मशीनवर राजे दोनच, मी आणि वेलाफी. शेवटच्या लढतीत दोघांचेही पहिलवान अर्धमेले झाले होते. दोघांनीही शेवटच्या ठोशाचं बटण दाबलं आणि वीज गेली. लगेचच वेलाफीचं बिऱ्हाड इंग्लंडला गेलं. तेव्हापासून तो म्हणतो तो जिंकला, मी म्हणतो मी. ग्रुपमध्ये दोन तट आहेत. (माझ्या तटात मी आणि बेकी.)

मुलगी थुबे नोकरीला ग्वेरूला गेली तेव्हा तिचा कॉम्प्युटर घरी राहिला होता. त्यावर तो जुना खेळ मिळवला. नुसता खेळलो तर लोण्यासारखा चाले. पण जगाला दाखवायचं बटण सुरू केलं की माझा पहिलवान आमच्या कचेरीसारखा वागायचा. अर्ज आज, कारवाई सवडीनं. मी ठोसा दाबायचो. तो मार खायचा, पडायचा, उठायचा, आणि मग समोर कुणी नसताना हवेत ठोसा हाणायचा.

"तुमच्यावर गेलाय," माझी बायको सिथेम्बिले दारातून म्हणाली. "तुम्ही मला मागणी घालायला आलात तोवर माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं होतं."

रविवार उजाडला. चर्चहून आल्या आल्या मी टेबलाखाली शिरून वायरी ओढत बसलो. पर्थहून बेकी फोनवर होता.

"दुमी, खेळ चालवायचा त्या एकाच कॉम्प्युटरनं, आणि जगभर पाठवायचाही त्यानंच. त्यात तो जमतील तितक्या फ्रेमा, म्हणजे सेकंदाला शेकडो चित्रं, काढत सुटलाय. दम लागलाय त्याला. तुझ्या बटणाकडे बघायला सवड कुठली? फ्रेमांना मर्यादा घाल, निम्म्या कर!"

"निम्म्या फ्रेमा काढून टाकायच्या?" मी ओरडलो.

"आत्ता?" सिथेम्बिलेनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"आत्ता! वेलाफी यायच्या आत!"

"कुठल्या?"

"कुठल्याही! निम्म्या झाल्या म्हणजे झालं!"

टेबलाखालून निघालो, कॉम्प्युटरात फ्रेमा निम्म्यावर आणल्या आणि ठोसा दाबला. बसला! तिथल्या तिथे! आनंदात मी कॉम्प्युटरच्या पडद्यावर उजेड चमकू नये म्हणून खिडक्यांचे पडदे ओढले, आणि भिंतीकडे बघितलंच नाही.

भिंतीवर आमच्या दोन्ही घरच्यांचे फोटो होते. सिथेम्बिलेनं निम्म्या फ्रेमा उतरवल्या होत्या. कुठल्या निम्म्या, हे विवाहित वाचकांना सांगायला नको. त्यातली माझ्या आईची फ्रेम कपाटात मावेना, म्हणून तिनं ती कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवली. टेबल उघडं दिसू नये म्हणून पुढ्यात पांढरी फुलं ठेवली.

वेलाफी आला. टक्कल पडलं होतं, पण हसणं तेच, बादली घरंगळल्यासारखं. जग वाट बघत होतं म्हणून लगेच कॅमेऱ्यासमोर बसलो. दोघंही म्हातारे पहिलवान इमानानं भांडत होते. पुन्हा दोघेही अर्धमेले झाले, आणि वेलाफीची नजर कोपऱ्यात गेली. अंधारी खोली, फोटो, फुलं, आणि चर्चच्या काळ्या कपड्यांत पाणी घेऊन आलेली सिथेम्बिले.

"दुमी," तो हलकेच म्हणाला, "तुझी आई?"

"गेली ना," मी पडद्यावरची नजर न काढता म्हणालो.

"कधी?"

"ईस्टरनंतर."

"मला कुणी कळवलं नाही!"

"त्यात काय कळवायचं? इथे जीव रमेना तिचा."

"शेवटी त्रास झाला?"

"तिला कसला? आम्हालाच."

वेलाफीच्या हातातलं बटणांचं यंत्र गळून पडलं. त्याला हुंदका फुटला, आणि त्याच क्षणी माझ्या अंगठ्यानं बटण दाबलं. ठोसा तत्काळ बसला. जगभर दिसलं ते असं, की एक माणूस माझ्या आईसाठी रडतोय आणि मी त्याला आडवा करून दोन्ही हात वर केलेत.

"तुझ्या आईनं मला वर्षभर जेवू घातलं," वेलाफी डोळे पुसत म्हणाला. "वडिलांचं काम सुटलं होतं तेव्हा. रोज म्हणायची, चुकून जास्त शिजलंय रे. रोज कुणाचं चुकतं का, दुमी?"

मला हे माहीतच नव्हतं. मला फक्त आठवत होतं की वेलाफी आमच्याकडे फार जेवायचा.

मी भानावर येऊन ओरडलो, "अरे, आई धडधाकट आहे! ग्वांडाला गावी गेलीय!" पण हे जगाला पोचेपर्यंत शोकसंदेशांचा पूर आला होता. कुणी लिहिलं, तिनं कान धरून दुकानातून ओढलं आणि घरी नेऊन वाढलं. कुणाच्या फाटक्या गणवेशाला तिनं रातोरात ठिगळ लावलं होतं. शेवटी बेकीनं लिहिलं, मॅच रद्द. (आता माझ्या तटात मी एकटा.)

तेवढ्यात आईचाच फोन.

"दुमी, मी कधी गेले रे? अंगणात शेंगा सोलत होते, तर चर्चच्या बायका रडत आल्या. मक्याच्या पिठाचं पोतं आणलंय. ठेवून घेतलं. परत न्यायला बिचाऱ्यांना जड झालं असतं."

वेलाफीनं फोन हिसकावला. तो पुन्हा रडला, मग हसला, मग तिनं त्याच्याकडून एकूण एक संदेश वाचून घेतला. काही दोनदा. शेवटी फोन माझ्याकडे आला.

"पोरं चांगली बोलली," आई म्हणाली. "तू काय बोलला असतास रे?"

आत पुष्कळ काही होतं, पण कारकुनाच्या तोंडाला त्याची सवय नाही.

"आई," मी म्हणालो, "जेवलीस का?"

"वेलाफीला फोन दे," ती म्हणाली.