शिंगी माशांची साक्ष

जुन्या ढाक्यातल्या पॉलिथिन पिशवीवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष हाजी मोखलेसुर यांनी बाकरखानी रोटी चहात बुडवली आणि गंभीरपणे जाहीर केलं, "उद्या पिशवीबंदीच्या सुनावणीत पर्यावरण खात्याच्या सचिवबाईंसमोर भाषण ठोकायचं नाही. मासे न्यायचे."

"लाच?" तोराब अलीनं हळूच विचारलं.

"पुरावा! जिवंत शिंगी मासे, पाण्यासकट, आपल्या पिशवीत. म्हणायचं, तागाच्या पिशवीत एवढं पाणी ठेवून दाखवा, मग खुशाल घाला बंदी."

असा मुद्दा वकिलालाही सुचला नव्हता. बंदी आली तर हाजींची चार यंत्रं आणि बत्तीस माणसं घरी बसणार होती, म्हणून पिशवी भक्कम हवी होती. हाजी स्वतःचा माल ओळखून होते. जाडी सरकारी नियमाच्या निम्मी. ते म्हणाले, "तोराब मियाँ, पिशवी तुमच्याकडची आणा. तुमचा माल दणकट."

तोराब अलीसुद्धा स्वतःचा माल ओळखून होता. तो "बेशक" म्हणाला, आणि सकाळी मासे घेतले ते मासेवाल्याच्याच पिशवीत.

सचिवबाईंच्या दालनात हाजी पिशवी उंच धरून उभे राहिले. "मॅडम, ही नुसती पिशवी नाही. ही गरिबाची..."

गरिबाची काय, ते कळलंच नाही. तळ गेला. पाणी फायलींवर, मासे गालिच्यावर. "हात लावू नका, काटा मारतो!" असं ओरडत हाजी वाकले आणि पहिला काटा त्यांनाच बसला. बाकीची संघटना खुर्च्यांवर चढली. शिपायानं मात्र आपल्या तागाच्या पिशवीतून जेवणाचा डबा काढला आणि फडक्यानं धरधरून अकराही मासे त्या पिशवीत भरले.

मॅडमनी फाटकी पिशवी चिमटीत धरली. "इतकी पातळ? ही बनवणं आजही गुन्हा आहे. कुणाच्या कारखान्यातली?"

हाजी तोराबकडे बोट दाखवणार, तेवढ्यात पिशवीच्या कोपऱ्यात त्यांना निळा मोर दिसला. त्यांचाच छाप होता.

"मॅडम," सुजलेला हात छातीवर ठेवून हाजी म्हणाले, "असला माल आमच्यात कुणीच बनवत नाही. कुणी बनवत असेल तर ठोका त्याच्या यंत्राला कुलूप!"

"सगळ्यांचं हेच म्हणणं?"

खुर्च्यांवरून सगळ्यांनी माना डोलावल्या.

मॅडमनी लिहिलं आणि वाचून दाखवलं, "या पिशव्या संघटनेचा एकही सदस्य बनवत नाही. सबब बंदीला संघटनेची हरकत नाही. हाजीसाहेब, सही."

सही डाव्या हातानं करावी लागली.

घरी बायकोनं शिपायानं दिलेल्या पिशवीतल्या शिंगीचा पातळ रस्सा केला. आजाऱ्याला तोच देतात. हाजींच्या बोटाला हळद लावताना तिची नजर शिपायाच्या पिशवीवर होती.

"घट्ट विणलीय हो. किती वर्षं सांगतेय, बाजाराला अशी एक आणा म्हणून. तुमच्या मोरातून कधी मासा घरापर्यंत पोचलाय का?"

हाजींनी पिशवी जवळ ओढली आणि सवयीनं कोपरा पाहिला. कोरा होता. मोराला जागा भरपूर होती.