दोन बोटं माया

कासारखेड दर महिन्याला हातभर वाढत असे, म्हणून त्याची हद्द शिवण्याचं काम नगरपरिषदेने गजराबाई पतंगे यांना दिलं होतं. एका बाजूला चाळीस किलोमीटरवर एक मोठं शहर, दुसऱ्या बाजूला पस्तीसवर दुसरं. मधल्या गावाने वाढायचं नाही तर काय करायचं? गजराबाई लेडीज टेलर. दर सोमवारी गळ्यात टेप टाकून त्या गावाची छाती, कंबर, उंची घेत, वहीत लिहीत आणि वेशीवर बसून दाभणाने टाके घालीत. बावीस वर्षांत एक टाका सुटला नव्हता.

भानगड झाली ती एका शब्दाने. नवे मुख्याधिकारी निरगुडे यांनी वही चाळली, तर पानोपानी तेच: "माया, दोन बोटं, आत दडवली." त्यांनी चौकशी लावली.

"बाई, ही माया कोणाची?"

"गावाची."

"जमवली कोणी?"

"मीच. बावीस वर्षं."

इतका सरळ कबुलीजबाब निरगुड्यांनी नोकरीत ऐकला नव्हता. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "ठेवलीय कुठे?"

"शिवणीच्या आत, दुमडून. साहेब, शाळेची चड्डी शिवली होती ना तुम्हाला? पोर वाढणार म्हणून शिंपी आत जादा कापड सोडतो, त्याला माया म्हणतात. उसवली की चड्डी आणखी वर्षभर चालते."

निरगुड्यांनी टोपण लावलं, पण माघार घेतली नाही. "दुमडलेली जमीन नकाशात नाही. नकाशात नाही ते अतिक्रमण. सोमवारी कापून टाका."

"रविवारी नव्या कॉलनीत सहाशे बिऱ्हाडं राहायला येतायत. महिन्याची वाढ एका दिवसात. मायेशिवाय गाव फाटेल."

"वेशीवर फाटेल. बघू."

"कापड काठाला फाटत नाही, बगलेत फाटतं. आणि गावाची बगल म्हणजे आमचा बोळ."

बोळाच्या अलीकडे गजराबाई, पलीकडे त्यांची धाकटी जाऊ अनसूया. तीस वर्षं दोघी आपापल्या उंबऱ्यावरूनच आमटीची वाटी इकडून तिकडे देत. बोळ फाटला असता तर अनसूया पलीकडच्या शहरात गेली असती आणि गजराबाई अलीकडच्या. भांडायला तरी कोण उरलं असतं?

रविवारी सकाळी निरगुडे पाहणीला बोळात आले. तिकडे कॉलनीत पहिला टेम्पो शिरला आणि इकडे बोळाच्या मधोमध टर्र असा आवाज झाला. अनसूयेने वाटी पुढे केली. ती वीतभर कमी पडली.

"अक्का, हात लांब करा की!"

"रबराचा आहे का माझा हात? तू वाक!"

दुसरा टेम्पो शिरला. वाटी दोन वीत लांब गेली. निरगुड्यांनी फटीत डोकावून पाहिलं. खाली काहीच नव्हतं. त्यांनी तशी नोंद केली आणि मग त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, माया कापलीत का?"

"तुम्ही सोमवार सांगितलात. आज रविवार आहे."

दोघं रिक्षाने वेशीवर गेले. गजराबाईंनी साहेबांच्या हातात ब्लेड दिलं. "आदेश तुमचा, तर हातही तुमचाच लागू दे."

निरगुडे मांडी घालून बसले. "किती उसवू?"

"एक बोट. दुसरं राहू द्या. अजून अंग धरतंय गाव."

टाके सुटले तशी हद्द सैल पडली आणि घडीतली जमीन बाहेर आली. बावीस वर्षं ऊन न लागल्यामुळे तिचा रंग उडाला नव्हता. बाकीचं गाव तिच्यापुढे विटकं दिसत होतं. तिच्यावर चार बोरी होत्या, आणि अकरा वर्षांपूर्वी हरवलेली एक शेळी रवंथ करीत बसली होती. शेळी मालकाला परत करण्यात आली. घडीची रेघ मात्र दोनदा रोलर फिरवूनही गेली नाही. एसटी तिथे अजून उसळते, आणि कंडक्टर ओरडतो, "घडीवर कोण उतरणार?"

त्या दुपारी वाटी पोचली. गजराबाईंनी उंबऱ्यातच आमटी चाखली.

"मीठ कमी आहे गं," त्यांनी पलीकडे ओरडून सांगितलं, आणि वही उघडून लिहिलं: माया, एक बोट शिल्लक.