मेट्रनबाईंच्या घरची शर्यत

आता जे सांगणार आहे त्यावर या दुकानातलं कोणीही विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. ज्याच्या हातात वस्तरा आहे त्याच्यावर तर माझी मुळीच सक्ती नाही, त्याने फक्त हात स्थिर ठेवावा म्हणजे झालं. त्या घराशी आपला काडीचा संबंध नाही, सगळी ऐकीव हकिगत. म्हणूनच ती खरी. घरच्या माणसाने सांगितली असती तर तिखटमीठ लावून सांगितली असती.

तर मेट्रनबाई. सगळी हयात इस्पितळात गेली. त्यांच्या वॉर्डात त्यांना विचारल्याशिवाय पेशंट कुशीवर वळत नसे. एकदा पाय मोडलेला एक जॉकी वॉर्डात आला आणि प्लॅस्टरमधला पाय वर टांगलेला असताना त्याने बाईंना घोड्यांची शर्यत अशी काही रंगवून सांगितली, की बाईंच्या डोक्यात घोडे शिरले ते शिरलेच. वर्षातून एक मोठी शर्यत. सगळी मिळून दोन मिनिटांची. पण घोडे सुटायला आणि कोणाचं तरी सलाइन संपायला दरवर्षी एकच गाठ पडायची. टीव्हीवर कधी सुरुवात दिसली, कधी हार घातलेला घोडा दिसला. मधली शर्यत बाईंनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी हुकूम काढला. "यंदा शर्यत माझ्या घरी. सगळ्यांनी यायचं, खायचं, प्यायचं. पण घोडे सुटल्यावर जो बोलेल त्याला मी स्वतः जिन्यावर सोडून येईन."

सगळ्यांनी म्हणजे जुन्या स्टाफने. कंपाउंडर आला, आयाबाई आली, अँब्युलन्सचा ड्रायव्हर आला. बाईंचे यजमानही होते, पण त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ते असत. इमारतीत त्यांना 'मेट्रनबाईंचे हे' एवढंच नाव होतं, आणि चेहरा कोणाच्या लक्षात नव्हता, कारण बाई शेजारी असताना दुसरीकडे बघण्याची कोणाची छाती नव्हती. सरबतासाठी घरात बर्फ नाही म्हणून बाईंनी त्यांना बर्फ आणायला पिटाळलं होतं.

कंपाउंडरने टीव्ही बघून नाक मुरडलं. "बाई, यात घोडे दिसायचे नाहीत. मुंग्या दिसतील."

"मग आधी सांगायचं."

"आधी तुम्ही विचारलं नाहीत. न विचारता बोलायचं नाही, हा तुमचाच नियम."

बाईंच्या धाकट्या दिरांकडे भिंतीएवढा टीव्ही होता. दीर परगावी, किल्ली बाईंकडे. ड्रायव्हर म्हणाला, "गाडी खालीच उभी आहे. स्ट्रेचरवर घालून आणतो, केसालाही धक्का लागायचा नाही."

आणि इथेच सगळं फिसकटलं. दिरांकडून निघताना टीव्हीला हादरे बसू नयेत म्हणून ड्रायव्हर-कंपाउंडरने स्ट्रेचरवर खाली-वर उशा घातल्या. धूळ बसू नये म्हणून वरून पांढरी चादर घातली. पट्टे आवळले. अँब्युलन्स इमारतीखाली थांबली आणि दोघांनी स्ट्रेचर जिन्याने वर चढवला, हळूहळू, पायऱ्या बघत, माना खाली घालून. मागून आयाबाई डोळ्याला रुमाल लावून येत होती, कारण गाडीतून उतरवताना स्ट्रेचरचं चाक तिच्या अंगठ्यावरून गेलं होतं. तळमजल्यावरच्या वकिलांनी हे दाराच्या फटीतून पाहिलं आणि अंगातला घरचा सदरा बदलायला घेतला.

वर टीव्ही लागला. रिकामा स्ट्रेचर आतल्या खोलीत गेला आणि आयाबाईने त्यावर उशांसकट चादर नीट ओढून घेतली. स्ट्रेचर उघडा ठेवायचा नाही, हाही बाईंचाच नियम.

पहिली बेल वाजली. दारात वकील, हातात पांढरी फुलं.

"फार वाईट झालं," वकील म्हणाले.

"अजून काही झालं नाही. सुरू व्हायचंय," बाई म्हणाल्या. "आत या, पण मधे उभे राहू नका."

वकिलांनी मागे वळून बायकोकडे पाहिलं. "धक्का बसलाय," ते हलकेच पुटपुटले.

मग पहिल्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई आल्या, मग त्यांच्या शिकवणीला येणाऱ्या मुलांच्या आया आल्या, मग समोरच्या इमारतीतले लोक. ड्रायव्हर दारात उभा राहून प्रत्येकाला आत घेत होता. त्याला वाटलं, बाईंनी बोलावलंय. बाईंना वाटलं, त्याने बोलावलंय. टीव्हीवर घोडे फेऱ्या मारत होते आणि त्यांच्यासमोर आठ-दहा पाठी उभ्या होत्या.

"बसा की खाली," बाई खेकसल्या. "आलात ते आलात, भिंत कशाला होताय?"

शिकवणीवाल्या बाईंनी त्यांचा हात हातात घेतला. "रडा हो. मोकळ्या व्हा. इतकं कठोर राहू नये माणसाने."

"रडू कशाला? कोणासाठी?"

"यजमानांसाठी."

मेट्रनबाईंना काही क्षण हे यजमान म्हणजे कोण तेच कळेना. मग कळलं, आणि त्या लालबुंद झाल्या. "त्यांना काय धाड भरलीय? ते बर्फ आणायला गेलेत."

बर्फ म्हटल्याबरोबर खोलीत हुंदका फुटला. वकिलांनी डोळे टिपले. "बर्फाची व्यवस्था झालीय, म्हणजे लांबचे नातेवाईक यायचे असतील," ते म्हणाले. तेवढ्यात कोणीतरी आतल्या खोलीत डोकावून चादरीखालचा फुगवटा पाहून आलं, आणि मग बोलायलाच नको.

"त्या उशा आहेत," बाई म्हणाल्या.

"हो, हो," सगळे म्हणाले.

"जा, चादर उचलून बघा."

"नाही हो बघवणार," शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या. "इतकी शांत मूर्ती. कधी जिन्यात चप्पल वाजली नाही."

"देवमाणूस," वकील म्हणाले. "इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज ऐकला नाही."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. संसार त्यांनी केला, घर त्यांनी घेतलं, दिरांची शिक्षणं त्यांनी केली, आणि देवमाणूस कोण, तर बर्फ आणायला जाऊन परत न आलेला. कंपाउंडरने खुणेने विचारलं, यांना काढू का बाहेर? पण काढणार किती जणांना, आणि किती वेळात? घोडे एकेक करून सुरुवातीच्या फाटकात शिरत होते. बाईंनी मनाशी निवडलेली घोडी, करड्या रंगाची, जरा हट्टी, शेवटी शिरली.

यजमान तेव्हा कुठे होते? गॅलरीत. बर्फाची पिशवी घेऊन आले तर दारात ही गर्दी. एकाने त्यांना खिडकीशी सरकवून दिलं आणि विचारलं, "तुमचे जवळचे का हो ते?"

"बऱ्यापैकी," यजमान म्हणाले.

आत आपल्याबद्दल चाललेलं ऐकून त्यांना भरून आलं. त्यातलं निम्मं जरी जिवंतपणी कोणी बोललं असतं तर बर्फ आणायला जाताना चाल तरी ताठ राहिली असती. पुढे व्हावं आणि 'मी आहे' म्हणावं, असं त्यांच्या मनात आलं. पण खिडकीतून बाईंचा चेहरा दिसला. आपण आत पाऊल टाकलं तर किंकाळ्या होतील, कोणाला तरी चक्कर येईल, पाणी शिंपडावं लागेल. आणि ते मेट्रनबाईंशिवाय कोण शिंपडणार? म्हणजे गेली शर्यत. त्यांनी ठरवलं की जरा वेळ मेलेलंच राहावं.

आत बाईंनी हातातल्या उलथन्यासकट कमरेवर हात ठेवले. वॉर्डातला आवाज काढला, ज्या आवाजाला ऑपरेशन झालेले पेशंटही उठून बसत.

"हे बघा. तुम्हाला माझ्या यजमानांबद्दल एवढंच वाटतंय ना? मग सगळ्यांनी उभे राहा. मागच्या भिंतीला टेका. दोन मिनिटं शांतता पाळायची. माना खाली, डोळे बंद. ज्याने डोळे उघडले त्याचं त्यांच्यावर प्रेम नव्हतं असं मी समजेन."

सगळी खोली भिंतीला लागली. वकील, शिकवणीवाल्या बाई, मुलांच्या आया, गॅलरीतली माणसं, सगळ्यांनी डोळे मिटले. कंपाउंडर, आयाबाई, ड्रायव्हर यांनी तर हुकुमाच्या सवयीने सर्वांत घट्ट मिटले. बाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला. आणि फाटकं उघडली.

अहाहा. काय ती शर्यत. करडी घोडी सुटली तीच शेवटची. पहिल्या वळणावर बाई सोफ्याच्या कडेला आल्या. दुसऱ्या वळणावर उठल्या. घोडी बाहेरच्या अंगाने एकेकाला मागे टाकायला लागली तशा मेट्रनबाई, अहो, ज्यांच्या चालण्याने नर्सा भिंतीला चिकटायच्या त्या मेट्रनबाई, सोफ्याच्या हातावर मांड ठोकून बसल्या. एका हाताने उशीचं टोक लगामासारखं आवळलं, दुसऱ्या हाताने सोफ्याच्या पाठीवर उलथनं हाणायला लागल्या. आवाज नाही, फक्त ओठ हलतायत. शेवटच्या पट्ट्यात घोडी मानेने पुढे सरकली आणि बाईंनी डोळे मिटून उलथनं हवेत उंच धरलं. गालावरून पाणी वाहत होतं. मग चटकन उतरल्या, केस सारखे केले, उशी जागेवर ठेवली आणि म्हणाल्या, "झाली दोन मिनिटं."

लोकांनी डोळे उघडले, बाईंचा ओला चेहरा पाहिला आणि म्हणाले, अखेर बांध फुटला बिचारीचा. घोड्यावर बसल्याचं बाईंनी आजतागायत कोणाला सांगितलेलं नाही. मरेपर्यंत सांगणार नाहीत. त्यांची पक्की खात्री आहे की ते कोणीही पाहिलं नाही.

गालावरचा वस्तरा थांबला.

"आजोबा," न्हावी म्हणाला, "झाडून सगळ्यांचे डोळे मिटलेले होते ना?"

"एकूण एक. सांगतोय काय मघापासून."

"आणि बाईंनी कोणाला सांगितलं नाही."

"शब्दाने नाही."

न्हाव्याने आरशात पाहिलं. बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकांनीही पेपर खाली केले.

"मग उघड्या डोळ्यांचं एकच माणूस उरतं," तो म्हणाला, आणि दोन बोटांनी म्हाताऱ्याची हनुवटी उचलली. "मान जरा वर करा, कैलासवासी."