साडूचं घर आणि बाटलीभर टोल्युइन

रंगाच्या कारखान्यात वीस वर्षं काढलेल्या थोरल्या जावयाचा टोल्युइनवर सख्ख्या भावापेक्षा जास्त विश्वास होता. दिसायला पाण्यासारखं, उडून जायला चपळ; घट्ट रंग पातळ करतं, पिंपांवरची हट्टी लेबलं सोडवतं. "जगात न सुटणारा डिंक नाही," असं तो छातीठोकपणे सांगे.

सुटत नव्हतं ते एकच, सासूबाईंच्या तोंडचं धाकट्या जावयाचं कौतुक. त्यांच्या वाढदिवसाला या साडूनं त्यांच्याच घराची हुबेहूब छोटी प्रतिकृती आणली. म्हणे स्वतःच्या हातानं केलेली! थोरल्यानं आणलेल्या चादरीची घडीसुद्धा कुणी मोडली नाही. त्याचा नुसता जळफळाट झाला.

मग त्याला दिसलं, की त्या घराच्या तळाला कोरा कागद चिकटवलाय. दुकानाचं लेबल झाकलंय, दुसरं काय? आज याचं पितळ उघडं पाडायचंच, असं ठरवून त्यानं स्कूटरच्या डिकीतून टोल्युइनची बाटली आणली. मंडळी आत जेवत होती. त्यानं आधी खिडकी उघडली, कारण शिस्त म्हणजे शिस्त. मग घर उचलून उलटं केलं.

"हलकं लाकूड. इथंही काटकसर," असं पुटपुटत त्यानं कागदावर सढळ हातानं टोल्युइन ओतलं.

कागद सुटला. त्यानं घर सुलटं ठेवलं, तोच तळ सुटला, भिंती बसल्या आणि छप्पर चहातल्या बिस्किटासारखं खाली आलं. लाकूड कसलं, रंगवलेला थर्माकोल! तो टोल्युइनमध्ये विरघळतो, हे कारखान्यातल्या शिपायालाही ठाऊक होतं. रंगातला माणूस रंगालाच फसला.

"अगंबाई, माझं घर," सासूबाई दारात उभ्या होत्या. मागे साडू. त्यानं एकदा वास घेतला, थोरल्याच्या चिकट हातांकडे पाहिलं. आता आपली वीस वर्षांची जावईगिरी संपली, हे थोरल्यानं ओळखलं.

"आई, चूक माझी," साडू म्हणाला. "रंगवताना थिनर सांडून तळाला भोक पडलं होतं. मी वर कागद लावून झाकलं. तिथूनच कोसळलं असणार. दादा बिचारे सावरायला गेले."

सासूबाईंनी डोळे पुसले. "किती मोकळ्या मनानं कबूल केलंत हो." मग थोरल्याकडे वळून, "तुम्हीही जरा शिका यांच्याकडून."

"रविवारी या, दादा. नवं करू दोघं मिळून," साडू त्याच्या कानाशी हळूच म्हणाला. "बाटली मात्र घरीच ठेवा."

थोरल्यानं मान डोलावली. साडू हुशार आहे, हे त्यानं कसंबसं पचवलं होतं. आता मेला भलाही निघाला, म्हणजे झालंच.