खांद्यावर बरोब्बर बसलेला चापान

मेव्हण्याचं ऐकायचं न्हाई, ह्ये म्या लगीन झालं त्याच दिवशी ठरवलं व्हतं. इतकी वर्सं पाळलंबी. एकदाच ऐकलं, आन् बघा काय झालं ते.

आमच्या पोरानं, एल्दियारनं, कोचकोर गावची पोरगी पसंत केली. झिबेक तिचं नाव. पोरगी सोन्यासारखी, पन बाप असानकुल मास्तर! रिटायर हेडमास्तर. मानूस असा कडक की अंग पुसायचा टावेलबी इस्त्री केल्याशिवाय वापरत न्हाई. आधीचं एक स्थळ त्यानं परत धाडलेलं. का? तर पोराच्या बापाच्या कॉलरला चहाचा डाग व्हता.

आता आमी जानार पोरीच्या कानात डूल घालायला. रीत अशी, की तिच्या बापाच्या अंगावर आपल्या हातानं नवा चापान, म्हंजे लांब अंगरखा, चढवायचा. त्यानं तो अंगावर ठेवला तर सोयरीक पक्की. काढून बाजूला ठेवला तर आल्या वाटंनं घरला, मेंढरं राखायला.

"अवं, तुमी ह्यो कोट घालून येनार?" बुरुल म्हनाली. (बुरुल म्हंजे माजी बायको.)

"मंग काय नागडा येऊ?"

"त्यापरीस तेच बरं दिसंल! एल्दियार कालधरनं जेवला न्हाई तुमच्या कोटापायी."

माजा कोट कातड्याचा, गुडघ्यापोतर. जरा जुना हाय. एका बाहीवर मेंढरं रंगवायचा निळा रंग लागलाय, आन् वास... वास मला येत न्हाई, तर मी काय सांगू? पन पोरगं जेवत न्हाई म्हनल्यावर काळीज हाललं. म्हनलं, बोलव तुज्या भावाला.

बिश्केकच्या बाजारात मेव्हण्याचं गडीमान्सांच्या कापडाचं दुकान हाय. नुरदीन त्याचं नाव. आला त्यो मला बैल बाजारात बघत्यात तसा चारी बाजूंनी बघत फिरला.

"भावोजी, कपड्यात पहिली गोष्ट खांदा. शिवण बरोब्बर खांद्याच्या हाडावर आली पाहिजे. खाली घसरली की कपडा मागून आणल्यासारखा दिसतो."

"बरं."

"अंगावर तीनच रंग. चौथा आला की सर्कस."

"बरं."

"आणि पट्टा अन् बूट एकाच रंगाचे."

"माजा पट्टा जुन्या लगामाचा हाय," म्या वरडलो. "त्याला जुळाया घोडा घालू का पायात?"

पन पोराकडं बघितलं आन् कोट उतरवला. करड्या रंगाचा सूट आनलेला नुरदीननं. पँट चढवायला नुरदीन एकीकडनं आन् एल्दियार दुसरीकडनं, पोत्यात लोकर दाबत्यात तसं दोघांनी मला आत दाबलं.

"अरं, श्वास घेता येत न्हाई!"

"घेऊ नका. आरशात बघा."

बघितलं. खोटं कशाला बोलू, आरशात जिल्ह्याचा सायेब उभा व्हता. म्या इकडनं बघितलं, तिकडनं बघितलं. खाली बसून बघायचं मातुर तिघातल्या एकाच्याबी डोक्यात आलं न्हाई.

बायामान्सं आन् एल्दियार एका गाडीतनं म्होरं गेली. मी आन् नुरदीन मागनं. जाताना बुरुलनं आमच्या डिकीत गाठोडं ठेवलं. त्यात मास्तरसाठी चापान. हिवाळाभर डोळं फोडून शिवलेला, काळ्या मखमलीचा, काठाला पांढरी शिंगांची नक्षी. शेजारी माजा कोटबी व्हता, म्या गुपचूप टाकलेला. इतक्या वर्सांचा सोबती, एकटा घरी कसा ठेवायचा?

दोलोनच्या घाटात गाडीनं वाफ सोडली. नुरदीन पानी वतायला खाली उतरला. वारं असं, की सुटातनं सरळ हाडात! मी कोट काढाया डिकी उघडली.

"भावोजी, तो कोट सुटावर घालाल तर मी इथूनच परत जातो!" म्होरनं नुरदीन वरडला. "वास सुटात गेला तर जन्मभर निघायचा नाही!"

असं व्हय? मग गाठोडं सोडलं आन् चापान चढवला. घाट उतरंपोतर, बाकी काय न्हाई. पन काय सांगू तुमाला, शिवण बरोब्बर खांद्याच्या हाडावर! जनू बुरुलनं मास्तरचं नाव सांगून माजंच माप घेतलेलं. आता गाठोडं रिकामं पडलं, ते बरं दिसंना. म्हनून त्यात माजा कोट बांधला. खाली गेलं की बदलू.

"वा भावोजी, हा कुठून काढला?" गाडीत बसताना नुरदीन म्हनाला. त्यानं त्यो कवा बघितलेलाच नव्हता.

"तुला काय करायचंय? गाडी चालीव."

(हितं मी नीट बोललो असतो तर ह्यी गोष्ट हितंच संपली असती.)

मखमलीची ऊब आली आन् मला झोप लागली. जाग आली तवा गाडीचं दार उघडून सोता असानकुल मास्तर उभे. "या सोयरे, या!" आन् त्यांच्या खांद्यावरनं मला काय दिसावं? नुरदीन गाठोडं घेऊन घरात चाललाय.

बायका दुसऱ्या खोलीत. मला जेवनासाठी अंथरलेल्या दस्तरखानाच्या वरच्या अंगाला मानाच्या जागी नेलं. मास्तरनं माज्याकडं खालपासनं वरपोतर बघितलं, खांद्यावर नजर थांबली, मान हालली. पास! मी खुशीत खाली बसलो, मांडी घातली.

फर्रर्र.

"काय झालं?" मास्तर.

"घोडा फुरफुरला."

"आमच्याकडे घोडा नाही."

"मंग शेजाऱ्याचा आसंल," म्या म्हनलो आन् चापान मागनं घट्ट गुंडाळून घेतला. जागा कुठली गेली ते गारवा लागल्यावर कळलं.

तळलेले बोरसोक आले, चहा आला, मटनाची परात आली. शेगडी ढणाढणा पेटलेली. घाम माज्या नाकावरनं रश्श्यात पडाया लागला.

"सोयरे, चापान काढून बसा की."

"न्हाई! मला थंडी वाजतीया."

"घाम आलाय तुम्हाला."

"थंडीचा हाय!"

नुरदीन कानाशी लागला. "भावोजी, घरात चापान काढतात. रीत आहे."

"तुज्या रितीला लागली आग," म्या दातातनं म्हनलो. "पँट फाटलीया."

त्याचं तोंड सुटाच्याच रंगाचं झालं.

तेवढ्यात बुरुल आली. पोरीच्या कानात डूल घालून झालेले. पाठोपाठ सगळ्या बाया, पार मास्तरची म्हातारी आईबी. मधी गाठोडं ठिवलं. मी डोळं मिचकावलं, भुवया उडवल्या, मान हालवली. बुरुलला वाटलं, मी तिचं कौतुक करतोय. ती लाजली आन् गाठ सोडली.

वास आधी आला. मग कोट. बुरुलनं धक्क्यात त्यो झटकला, तर खिशातनं दोरी पडली, कुरुताचा, म्हंजे वाळवलेल्या दह्याचा, अर्धा चघळलेला खडा पडला, आन् मेंढराच्या कानाचा पिवळा बिल्ला घरंगळत जाऊन मास्तरच्या गुडघ्याशी थांबला.

दाराशी एल्दियार भिताडासारखा पांढरा. बुरुलनं कोटाकडं बघितलं, मग माज्या अंगावर बघितलं. असं बघितलं, की मला परत थंडी वाजाया लागली. खरी.

मास्तरनं बिल्ला उचलला. "हा काय प्रकार आहे, सोयरे?"

आता माज्या डोक्यात काय आलं ते देव जानं. म्या उभा ऱ्हायलो आन् आवाज चढवला. खोटं बोलायचं तर वरडून बोलावं लागतं.

"रीत हाय आमची! सोयऱ्याला गार चापान द्यायचा नसतो. पोराच्या बापानं अंगात घालून आधी ऊब द्यायची! म्हनून बसलो मी घाम गाळत!"

"आणि हा कोट?"

"मी काय उघडा जाऊ माघारी?"

मास्तर इचारात पडला. मग हळूच उठला आन् खांदं म्होरं केलं. म्या चापान काढला, त्याच्या अंगावर चढवला. शिवण बरोब्बर हाडावर! मास्तरनं काय खोट काढली न्हाई म्हनून मी खूस झालो, आन् खुशीत कोट उचलाया वाकलो. पाठ म्हातारीकडं.

"अगं बया," म्हातारी म्हनाली, "सोयऱ्याची लाल हाय!"

नुरदीन कळवळून बोलला, "भावोजी, तीनच रंग सांगितले होते ना!"

पयली हासली ती म्हातारी. हासता हासता तिचा डोक्याचा रुमाल सुटला. मग झिबेक, मग सगळ्या बाया. मास्तर हासला न्हाई. त्यानं चापानाची दोन्ही टोकं धरली (मला वाटलं, आता काढतोय), आन् छातीवर घट्ट ओढून घेतली.

"ऊब आहे," मास्तर म्हनाला. "राहू द्या."

एल्दियार तवा जो परातीवर बसला त्यो उठाया तयार न्हाई.

लगीन झालं गाजत. परतीच्या मानपानात मास्तर त्योच चापान घालून आले, रुबाबात. आमच्याकडच्या सगळ्या गड्यांना त्यांनी एकेक नवा चापान चढवला. नुरदीनलाबी! माजी पाळी आली तवा मी खांदं ताठ करून उभा ऱ्हायलो.

मास्तरनं गाठोडं सोडलं. आत पँट. इस्त्री केलेली, आन् घेर असा की मी आन् माजं एक मेंढरू त्यात सुखानं मावलो असतो.

"सोयरे," सगळ्या मांडवाम्होरं मास्तर म्हनाले, "घाला. पण या वेळी आरशात बघू नका. आधी मांडी घालून बघा."