तिजारे सरांची भांडणं

ज्याच्याकडून मानधन घ्यायचं त्याचीच गावभर निंदा करत फिरायचं, हा उद्योग इतक्या उघडपणे करताना मी आयुष्यात एकच माणूस पाहिला. प्रभाकर तिजारे. आमच्या आरोग्य प्रकल्पाने नेमलेले सल्लागार. आमच्याच जीपमध्ये बसून, आमच्याच डब्यातली पोळी-भाजी खाऊन हे गृहस्थ गावात उतरायचे, दिसेल त्या पहिल्या ओसरीवर टेकायचे, तांब्याभर पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "काय फालतू प्रकल्प आणून ठेवला हो तुमच्या गावात! बंद करून टाका म्हन्तो मी." आणि मी, त्या फालतू प्रकल्पाची समन्वयक, शेजारी बसून चेहरा हसरा ठेवायचा प्रयत्न करायची.

प्रकल्प काय होता ते आधी सांगते. वर्धा जिल्ह्यातल्या काही गावांत आम्ही गावातल्याच एकेका बाईला शिकवून तयार केलं. तिला सगळे आरोग्यताई म्हणतात. बाळंतिणीकडे जायचं, लेकराचं वजन करायचं, म्हाताऱ्यांचं बीपी मोजायचं, वेळ पडली तर पेशंटबरोबर दवाखान्यात जाऊन बसायचं, हे तिचं काम. पैसा मुंबईच्या एका संस्थेचा. त्यांनी कळवलं, की बाहेरचा सल्लागार नेमून प्रगतीची पाहणी करून घ्या. अहवाल चांगला आला तर प्रकल्प पुढे चालू, नाही तर मार्चमध्ये बंद. माझं एक वेळ जाऊ द्या, मला दुसरी नोकरी मिळाली असती. पण काही आरोग्यतायांनी घरच्यांशी झगडून हे काम धरलं होतं, आणि अमक्याची सून सोडून गावाने त्यांना पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने हाक मारायला सुरुवात केली होती. त्यांना काय सांगायचं, या विचाराने माझी झोप उडाली होती.

सल्लागारासाठी आम्ही जाहिरात दिली. पुण्याच्या एकाने रंगीत बाणांचं सादरीकरण पाठवलं. त्यातला प्रत्येक बाण फिरून फिरून शेवटी त्याच्या मानधनापाशी पोचायचा. नागपूरच्या एका बाईंनी कळवलं, की गावात यायची काही गरज नाही, सगळं फोनवर उरकू. तिसरे तिजारे सर. सांख्यिकी खात्यातून निवृत्त झालेले, वर्ध्यातच राहणारे. मुलाखतीला आले ते घामाघूम होऊन, पायी. बसल्या बसल्या आम्हालाच प्रश्न विचारला.

"तुमच्या गावाईत लोक भांडतात का?"

आमचे हिशेबनीस भोयर मोठ्या अभिमानाने म्हणाले, "नाही सर. सगळे सहकार्य करतात."

तिजारे सरांचा चेहरा पडला. "मग कठीन हाय," म्हणाले.

तरी आम्ही त्यांनाच नेमलं, कारण गावात यायला तयार असलेला तो एकमेव माणूस होता.

भांडणाचं त्यांचं शास्त्र मला पहिल्या दिवशी जीपमध्ये कळलं. त्यांचं म्हणणं असं, की आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला कुणी वाईट बोलत नाही. बाज टाकतात, पाणी देतात, चहा ठेवतात आणि पाहुण्याला जे ऐकायचं असेल ते ऐकवून त्याला खुशीत वाटेला लावतात. नोकरीत असताना त्यांना एका गावात संडासांची पाहणी करायला पाठवलं होतं. घराघरांतून एकच उत्तर आलं, "भल्लं मस्त हाय साहेब, आमी वापरून राह्यलो." दुपारी खुद्द सरांनाच जायची वेळ आली. घरमालक गडबडला, "थांबा साहेब, एक मिनिट," म्हणाला आणि त्याने आतून आधी बकरी बाहेर काढली, मग तिची दोन पिल्लं काढली, मग कडब्याची पेंढी.

"त्या दिवसापासून मॅडम, कोनी गोड बोललं का मी सावध होतो," सर म्हणाले. पुढे हे त्यांचं पालुपदच झालं. कुणी स्तुती करायला लागलं की हात वर करून म्हणायचे, "गोड बोलू नका, मले शुगर हाय."

म्हणून मग त्यांनी ही उलटी रीत काढली. प्रकल्प चांगला आहे का, असं विचारायचंच नाही. वाईट आहे, बंद करा, असं ठोकून द्यायचं आणि समोरचा भांडतो का ते पाहायचं. भांडला तर काम झालं आहे. नाही भांडला तर झालेलं नाही. छापील प्रश्नावलीसुद्धा होती त्यांच्याकडे, पण ती ते बसताना खाली अंथरायचे.

पहिलं गाव सेलू तालुक्यातलं. केळझरच्या गणपतीला जीपमधूनच नमस्कार करून आम्ही पुढे गेलो. सरांनी एका ओसरीवर बसून सुरुवात केली, "ह्या आरोग्यताईचा काय उपयोग हो? बंदच करा लागते."

घरधनी नम्रपणे म्हणाला, "हो ना साहेब. तुमी म्हन्ता त करून टाका बंद. चहात साखर किती टाकू?"

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तर घरच्या बाईने, एवढ्या उन्हात यायची कशाला तसदी घेतली, म्हणून हळहळ व्यक्त केली. जीपमध्ये बसल्या बसल्या मी सरांशी वाद घातला. "अहो सर, तुमचंच म्हणणं आहे ना, की लोक पाहुण्याच्या होला हो म्हणतात? मग तुम्ही बंद करा म्हणालात, ते हो म्हणाले!"

सर खुशीत आले. मी भांडायला लागले याचाच त्यांना आनंद झालेला दिसला. "मॅडम, पाहुना म्हने आज ऊन भल्ला हाय, त आपन हो म्हन्तो. पाहुना म्हने तुमची गाय सोडून घेऊन चाल्लो, त हो म्हन्तो का? दांडकं घेऊन मागे लागतो. इथं गायच नाई हाय."

चौकशी केली तेव्हा कळलं, की खरंच गाय नव्हती. तिथली आरोग्यताई नवऱ्याच्या बदलीमुळे केव्हाच नागपूरला गेली होती आणि आमच्या पर्यवेक्षकाने ही गोष्ट आम्हाला सांगितलीच नव्हती. राग पर्यवेक्षकाचा यायला हवा होता. मला आला तिजारे सरांचा. सगळ्या गावांत हाच प्रकार निघाला तर मार्चपर्यंत थांबायचीही गरज नव्हती.

मग आष्टीचा बाजार आला. आठवडी बाजाराच्या गर्दीत माणूस घाईत असतो आणि घाईत माणूस खरं बोलतो, असा सरांचा आणखी एक सिद्धांत. वांगी विकणाऱ्या एका बाईसमोर ते उकिडवे बसले, वांगी निवडली, वजन झालं, पैसे दिले आणि पिशवी उघडता उघडता म्हणाले, "तुमच्या गावची ती आरोग्यताई म्हन्जे नुसता टाइमपास हाय म्हन्तात."

बाईने पिशवीत टाकायला उचललेली वांगी परत ढिगावर ओतली. "कोन म्हन्ते?"

"मीच म्हन्तो."

"मंग घ्या तुमचे पैसे. माही सून अन् नातू त्या पोरीच्यानं वाचले. रातभर दवाखान्यात बसून होती ते, सख्खी बहीन बसत नाई. तुमाले वांगे नाई भेटत, जा!"

शेजारच्या मिरचीवाल्या बाईने ऐकलं, तिनेही सरांना माल द्यायला नकार दिला. मग टमाटरवालीने. बातमी आमच्यापुढे धावत गेली आणि बाजाराच्या त्या अख्ख्या रांगेत तिजारे सरांना कोथिंबिरीची काडीही मिळाली नाही. रिकामी पिशवी हलवत ते परत आले, तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला होता, की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, लॉटरी लागली.

"पाहिलं का मॅडम? पाहिलं का? हाकलून देल्लं मले!" ड्रायव्हरलाही त्यांनी हे तीन वेळा सांगितलं.

माझ्याही जिवात जीव आला. त्यानंतरच्या गावांत त्यांना कुठे कमी, कुठे जास्त शिव्या मिळाल्या आणि मी प्रत्येक शिवी प्रसादासारखी मनात साठवत गेले.

शेवटचं गाव रोहण्याच्या पुढचं, अगदी लहान. तिथल्या वनिताताईची मला सगळ्यात जास्त काळजी होती. नवरा नाही, सासू बोलणारी. या कामावरच तिचं घर आणि तिची मान दोन्ही उभी होती. जीप चढावर बंद पडली म्हणून आम्ही शेवटचा रस्ता चालत गेलो. पार्वताबाई नावाच्या एका म्हातारीच्या अंगणात सर बसले आणि नेहमीचं सुरू केलं.

पार्वताबाई सूप बाजूला टाकून उभी राहिली. "काऊन बे बुढ्या, कोन तू? माह्या नातवाले ताप आलता तवा तू आलता का? वनिता आलती. मले चक्कर आलती तवा तू आलता का? मोठा आला बंद करनारा!"

आवाज ऐकून आजूबाजूच्या बायका जमल्या. प्रत्येकीकडे काही ना काही होतं सांगायला आणि सगळ्या एकदमच सांगत होत्या. सर त्यांना आणखी चिडवत होते, उत्तराला उत्तर देत होते, मजेत होते. तेवढ्यात गर्दीतून वनिताताई आली. मला वाटलं, आता ही हात जोडेल. मलाच कसंतरी झालं.

तिने सरांकडे नीट पाहिलं आणि पिशवीतून बीपीचं मशीन काढलं. "चूप बसा साऱ्याजनी. या बुढ्याचं तोंड पाहा कसं लाल झालं. हात करा इकडे."

मी हळूच म्हटलं, "वनिताताई, हे सल्लागार आहेत. मुंबईला अहवाल देणार आहेत."

"मंग सल्लागाराले बीपी नाई राह्यत का?" ती पट्टा गुंडाळत म्हणाली.

आकडा बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. पुन्हा मोजलं. मग तिने सरांना जसं फैलावर घेतलं, तसं पार्वताबाईनेही घेतलं नव्हतं. "बीपीच्या गोया चालू हाय का? मंग घेत काऊन नाई? काल काय जेवले? खिचडी अन् लोनचं? अन् परवा? परवाबी तेच? लोनच्यात मीठ किती राह्यते मालूम हाय? शिकलेले हा ना तुमी? प्रकल्प बंद करायचा त करजा, पन आधी डॉक्टरले दाखवजा. घरी कोन हाय?"

अख्ख्या जिल्ह्याला प्रश्न विचारत फिरणाऱ्या माणसाने खाली पाहिलं.

"कोनी नाई."

"बायको?"

"होती."

वनिताताई पट्टा सोडता सोडता थांबली. मग आवाज तसाच कडक ठेवून म्हणाली, "नंबर द्या तुमचा. डॉक्टरकडे गेले का नाई, फोन करून विचारतो मी. खोटं सांगजा नोको."

ड्रायव्हरने तोवर जीप चालू करून ठेवली होती. परतीच्या वाटेवर, खरांगण्याच्या अलीकडे केव्हातरी सर म्हणाले, "आमची शोभा भल्ली भांडे मॅडम. मीठ कमी खा, स्वेटर घाला, रस्त्यानं मान खाली घालून चालू नका. सकाळपासून चालू. मी म्हनो, बाई, जरा दम घे. आता सारे चांगलेच बोलतात. शेजारी विचारतात, काका कसे आहे? मी म्हन्तो, मजेत. पोरगा हैदराबादवरून फोन करते, त्यालेबी म्हन्तो, मजेत." थोडं थांबून म्हणाले, "मले कोनी सर्व्हेला धरलं ना, त संडासातली बकरी मीच हाय."

ड्रायव्हर हसला. मला हसू आलं नाही, रडूच यायच्या बेतात होतं, म्हणून मी खिडकीबाहेर कपाशीकडे बघत बसले.

अहवाल वेळेवर गेला. त्यात गावागावापुढे लिहिलं होतं, 'भांडण झाले', 'जोरात भांडण झाले', 'भांडण झाले नाही'. मुंबईहून घाबरा फोन आला, की तुमच्या भागात फारच तणाव दिसतोय. मी त्यांना बकरीपासून वांग्यांपर्यंत सगळं सांगितलं. पलीकडून हसण्याचा आवाज आला. प्रकल्प चालू राहिला. अट एकच घातली, की जिथे भांडण झालं नाही त्या गावात नवी आरोग्यताई नेमा.

ही बातमी सांगायला मी पेढे न घेता, वनिताताईच्या धाकामुळे फुटाणे घेऊन सरांच्या घरी गेले. ते डॉक्टरकडे जाऊन आले होते. नव्या गोळ्या टेबलावर होत्या. मी बातमी सांगितली तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी डोळे पुसले आणि लगेच, फुटाणे खारे का आणले, म्हणून माझ्यावर उखडले. तेवढ्यात मुलाचा फोन आला. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे तो फोन सगळ्या खोलीला ऐकू यायचा.

"बाबा, कसे आहात?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून बाहेर जायला लागले, त्यांनी हातानेच बस म्हटलं. घसा साफ केला.

"मजेत नाई रे बेटा," ते म्हणाले. "बीपी वाढलंतं. अन् घर खायले उठते. तू ये ना दोन-चार दिवस. जमून जाईन का?"

मग तो पोरगा जो सुटला! इतके दिवस बोलला का नाहीत, मी काय परका आहे का, दर वेळी मजेत, मजेत काय, कोणता डॉक्टर, रिपोर्ट आत्ताच्या आत्ता पाठवा, शनिवारच्या गाडीने निघतोय मी आणि आल्यावर तुमचं एक ऐकून घेणार नाही. रागाने त्याचा आवाज फाटत होता, मध्येच भरूनही येत होता. तिजारे सर फोन कानापासून जरा लांब धरून बसले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मोकळा हात हलवून ते मला सांगत होते, ऐका मॅडम, ऐका, कसा भांडून राह्यला.